दावा

राहीबाईचा नवरा फौजेत होता. त्रेचाळीस साली तो ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर गेला, परत आला नाही. वर्षश्राद्ध व्हायच्या आतच तिच्या धाकट्या दिरानं, आकारामनं, सामाईक विहिरीवरची तिची मोट ओढून काढली आणि नाडा विळ्यानं तोडला.

"हीर माझी हाय. बाईमाणसाला कशाला मोट?"

तिची मिरची उभी करपली.

राहीबाई सांगलीला विष्णुपंत वकिलांकडे गेली.

"दावा कुणावर?" त्यांनी विचारलं.

"दिरावर. लय दावा हाय. मरंस्तवर सुटायचा न्हाई."

विष्णुपंतांनी टाक खाली ठेवला. "बाई, तुम्ही वैराचं बोलताय. मी हक्काचं विचारतोय."

"दावा म्हंजी वैरच की."

"गावाकडे. शब्द मूळचा अरबी, कचेरीतून आपल्याकडे आला. हे माझं आहे, असं ठासून सांगणं म्हणजे दावा. पण कचेरीत सांगून आलेले भाऊ घरी एकमेकांशी बोलेनात. लोक त्या अबोल्यालाच दावा म्हणू लागले."

"आवं, मग दोन्ही मांडा."

विष्णुपंतांनी हक्काचंच मांडलं. निकाल लागला: एक दिवस पाणी तिचं, एक दिवस आकारामचं. गावाला वाटलं, मिटलं.

उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला. राहीबाईनं माहेरची बैलजोडी आणली, कोंडीबा नावाचा गडी ठेवला. रानात तिनं काहीच लावलं नव्हतं. पाट तिनं पडीक माळाकडे वळवला. तिच्या पाळीला दिवसभर पाणी मुरमात जिरायचं आणि ती बांधावर बसून आकारामच्या उसाकडे बघायची. दुसऱ्या दिवशी त्याच्या मोटेत नुसता गाळ यायचा.

शेवटी आकाराम आला. पटका हातात होता.

"वैनी, ऊस वाळला. माळावर तरी सोडू नगा. माझी लेकरं हायती."

"पाणी माझ्या पाळीचं हाय."

"आसं काय करता?"

"मिरची करपली तवा मी बघत हुते. आता तुमी बघा, भावजी."

ऊस गेला. पावसाच्या आधी आकाराम बायकापोरं घेऊन सासुरवाडीला निघून गेला.

पुढच्या पाळीला कोंडीबानं बैल जुंपले. "बाई, आता पाट आपल्या रानात वळवू?"

राहीबाई पिवळ्या पडलेल्या फडाकडे बघत होती. आकाराम गेला की छातीतली आग निवेल, असं तिला वाटलं होतं. ती होती तशीच होती.

"न्हाई," ती म्हणाली. "माळावरच सोड."