ज्या दिवशी मी वाजले नाही

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, हिला तर भंगारवालासुद्धा हात लावणार नाही. म्हणा खुशाल. मी इस्त्रीवाल्याची हातगाडी आहे, माझे वय झाले आहे, आणि माझे मागचे डावे चाक जन्मापासून कुरकुरते. त्याची मला कधी लाज वाटली नाही.

सुताराने मला जोडले तेव्हा त्याच्याकडे नवे लाकूड नव्हते. माझी फळी म्हणजे कुणाच्या तरी घराचे मोडके दार, आणि चाके निरनिराळ्या सायकलींची. त्यामुळे माझी चाल जरा फेंगडी. इस्त्रीवाल्याचाही एक पाय लहानपणापासून अधू. त्याने मला दोन पावले ढकलून पाहिले आणि तो हसला.

"चालेल. आपण तरी कुठं सरळ चालतो!"

त्या दिवसापासून आम्ही दोघे एकमेकांचे झालो. त्याने माझ्यावर जाड घोंगडी पसरली, वर पांढरी चादर ताणून बांधली आणि कोळशाची इस्त्री ठेवली. शाळेचे गणवेश, नवरदेवाचे सदरे, नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या मुलींच्या ओढण्या, सगळे माझ्या पाठीवरून गेले. एखादी सुरकुती राहिली तर बोलणी त्याला बसायची, पण ऊब मात्र दोघांना मिळायची.

आमचे सर्वांत लाडके गिऱ्हाईक म्हणजे एक म्हातारे कंडक्टर. सारा गाव त्यांना डबल बेल म्हणायचा, इस्त्रीवाला मात्र आबा. बोलणे संपले की समोर जे असेल त्यावर दोनदा टकटक करून "चला!" म्हणायची त्यांची सवय होती. निवृत्त झाले तरी खाकी गणवेश ते नेमाने इस्त्रीला आणायचे.

"आता कुठल्या ड्युटीवर निघालात?" इस्त्रीवाला चिडवायचा.

"जायचं कुठं नाही रे बाबा. कपाट उघडलं की नीट दिसायला हवा."

बायको वारल्यापासून ते एकटेच राहत होते. मुलगी लांब दुसऱ्या देशात होती.

मग ती साथ आली. घरातून बाहेर पडायचे नाही म्हटल्यावर कडक इस्त्री हवी कोणाला? माझे कोळसे विझले. मला भिंतीला टेकवून ठेवले आणि एका कोंबडीने माझ्याखाली खुशाल अंडी घालायला सुरुवात केली. मित्रांनो, खरे सांगते, मला फार वाईट वाटले. कामाच्या गाडीला कोंबडीचे खुराडे व्हावे लागणे काही चांगले नाही.

तेवढ्यात इस्त्रीवाल्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूने, पदर खोचला. आजारी घरांसाठी आणि एकट्या म्हाताऱ्यांसाठी गावाच्या सभागृहात चूल पेटवायची असे तिने आणि शेजारणींनी ठरवले. चूल पेटली, डबे भरले, पण न्यायचे कसे? काकूने नवऱ्याकडे पाहिले, नवऱ्याने माझ्याकडे. कोंबडीची बदली झाली.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने एक पद्धत घालून दिली. माझे चाक कुरकुरले की प्रत्येक घराने धुतलेला रिकामा डबा उंबऱ्याबाहेर ठेवायचा आणि दार लावून घ्यायचे. इस्त्रीवाला रिकामा डबा उचलून भरलेला ठेवायचा. जिथे रिकामा डबा दिसणार नाही, तिथे कोणीतरी उठू शकत नाही असे समजायचे आणि लगेच सिस्टरला कळवायचे. शिवाशिव नाही, गप्पा नाहीत. पद्धत सोपी होती. एरवी ज्या चाकाला लोक शिव्या घालायचे, त्याचीच आता सारी आळी कान लावून वाट बघू लागली. मी फार फुगले होते तेव्हा, कशाला खोटे बोलू.

गावात एक पंक्चरवाला आहे, मनाने अगदी लोण्यासारखा. त्याच्याने माझे कण्हणे ऐकवेना. "गावाचं एवढं करते ही गाडी, आणि हिच्या चाकाकडे कोणाचं लक्ष नाही," असे म्हणत एका सकाळी तो आला. त्याने चाक उघडले, गंज खरवडला आणि बोटभर ग्रीस भरले. कोणाला काही सांगितले नाही, कारण त्याला इस्त्रीवाल्याला चकित करायचे होते.

झालाच चकित. दुपारी आम्ही निघालो तेव्हा मी लोण्यातून सुरी जावी तशी चालले होते. इस्त्रीवाल्याला वाटले, आज अंगात बळ आले आहे. तो खुशीत आळीच्या तोंडाशी आला आणि जागच्या जागी थिजला. एकाही उंबऱ्यावर डबा नव्हता.

"अरे देवा," तो पुटपुटला, "अख्खी आळी झोपली की काय!"

सिस्टरला बोलवायचे तर कोणत्या घरी? शेवटी माझ्यावरचा वाढायचा डाव घेऊन तो दारे ठोठावू लागला. पहिल्या घरातून ओरडा आला, "अहो, गाडी वाजली कुठं? आम्ही केव्हाचे वाट बघतोय!" दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. मग त्याने वाकून माझे चाक पाहिले, ग्रीसला बोट लावले आणि कपाळावर हात मारला. सगळ्या आळीत हशा पिकला. कित्येक दिवसांनी लोक बंद दारांआडून का होईना, एकमेकांशी बोलत होते.

शेवटचे घर डबल बेलचे होते. तिथेही त्याने डाव वाजवला.

"ठेवतो... ठेवतो रे डबा," आतून आवाज आला. "मी बरा... बरा आहे. जा... तू."

इस्त्रीवाल्याचे हसू विरले. पूल, वीटभट्टी, बाजार, तिठा, शाळा, असे सगळे थांबे एका दमात ओरडणारा माणूस एवढेसे वाक्य तीन तुकड्यांत बोलत होता. इतके दिवस आम्ही त्यांचा डबा पाहत होतो. आवाज कोणी ऐकला होता?

"आबा, दार उघडा."

"नाही. शाळेत नेऊन... टाकाल. तिथून... परत कोण आलंय?" साथीच्या रुग्णांना तेव्हा शाळेत ठेवत असत.

"शाळेत नाही, इथं केंद्रात. मी रोज डबा घेऊन येईन. नाही आलो तर माझ्या नावानं बोंब मारा."

मग कडी निघाली. त्यांना ताप होता, ओठ निळसर पडले होते. मागच्या खिडकीखाली गावातली मांजरे गुबगुबीत होऊन बसली होती. जेवण त्यांना जात नव्हते. ते मांजरांना घालायचे आणि कोणाला कळू नये म्हणून डबा लख्ख घासून बाहेर ठेवायचे.

सिस्टर धावत आली. तिने बोटाला यंत्र लावले आणि तिचा चेहरा उतरला. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेली होती, तिची वाट बघण्याइतका वेळ नव्हता. तेव्हा माझ्यावर पुन्हा घोंगडी पसरली. आबांना गाठोड्यांना टेकवून बसवले. इस्त्रीवाला आणि हशा ऐकून आलेला पंक्चरवाला, दोघांनी तोंडाला दुहेरी फडकी बांधली आणि माझे दांडे धरले. तेवढ्यात माझ्या फळीवर अगदी हलके टकटक झाले. दोनदा.

मी निघाले. मित्रांनो, आयुष्यात खूप ओझी वाहिली, पण इतकी जपून मी कधीच चालले नाही. एकही धक्का न लागता आबा ऑक्सिजनपर्यंत पोहोचले.

इस्त्रीवाल्याने शब्द पाळला. तो मला रोज केंद्राच्या खिडकीखाली उभी करायचा आणि ओरडायचा, "आबा, थांबे म्हणा!" सुरुवातीला पूल आला की दम संपायचा. मग वीटभट्टी आली. बाजाराला फार दिवस अडकले, तेव्हा इस्त्रीवाला माझ्या आडोशाला उभा राहून रडला, ते फक्त मला ठाऊक आहे. आणि एका सकाळी खिडकीतून सगळे थांबे एकापाठोपाठ आले, शाळेपर्यंत, न थांबता. सिस्टरने टाळ्या वाजवल्या.

पंक्चरवाला आधी तोंड लपवून फिरत होता. "माझ्या ग्रीसनं घोळ केला," म्हणायचा. इस्त्रीवाल्याने त्याला सुनावले, "गप रे. गाडी वाजली असती तर डबा बाहेर आला असता, आणि म्हातारा आतल्या आत दगावला असता."

त्या दिवसापासून पद्धत बदलली. डबा दिसो वा न दिसो, प्रत्येक दाराशी थांबायचे आणि लांबूनच का होईना, बोलायचे. फेरीला दुप्पट वेळ लागू लागला. जेवण थोडे गार व्हायचे. तक्रार कोणीच केली नाही.

आता साथ ओसरली. इस्त्रीवाल्याने विजेची इस्त्री घेतली, दुकान थाटले. मी केंद्राच्या मागच्या अंगणात उन्हापावसात उभी असते. माझी फळी कुजत चालली आहे. कोणी थोडे तेलपाणी केले तर बरे वाटेल, पण ते नाही केले तरी एक करा. तुमच्या शेजारी कोणी एकटे राहत असेल तर त्यांच्या दाराशी जा. ते म्हणतील, "मी बरा आहे." तेवढ्यावर वळू नका. आणखी एक काहीतरी विचारा, आणि त्यांचे उत्तर पुरते संपेपर्यंत तिथेच उभे राहा.