विण्याची पाळी

बब्रुवान हवालदारानं मंदिराच्या पायरीशी बूट काढले, मोजे बुटांत कोंबले आणि छातीवरच्या खिशातला कागद बोटांनी आणखी आत सारला. पखवाजाचा ठेका फरशीतून तळपायाला लागत होता. सप्त्याचा सहावा दिवस. सभामंडपाच्या मधोमध बलभीमआण्णा उभे होते. कपाळाला बुक्का, गळ्यात विणा, डोळे मिटलेले.

सात दिवस विणा भुईला टेकू द्यायचा नाही, हा गावाचा नेम. एकाच्या गळ्यातून निघाला की दुसऱ्याच्या गळ्यात. आणि विण्यावर जो उभा असेल त्याच्या पाया लहानथोर सगळ्यांनी पडायचं. तो कोण, कुणाचा, हे विचारायचं नाही. हवालदारानंही वाकून आण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं. उठताना खिशातला कागद कुरकुरला.

आण्णांनी डोळे उघडले.

"आलाव का? बसा. बेंबळीचे महाराज हायत आज. लई गोड गळा."

"बसाय न्हाय आलो आण्णा. कोर्टात जावं लागतंय. आजच."

तारेवरची बोटं थबकली, पुन्हा चालू झाली.

"बारापतुर माझी पाळी हाय. मग उत्तरेश्वर येतोय. तवर थांबताव?"

हवालदार खांबाला टेकून बसला. एरवी कीर्तनात बसला की महाराजांच्या पहिल्या तानेलाच त्याचे डोळे भरून यायचे. आज ते कोरडे राहिले.

बाराला उत्तरेश्वर आला. दोघं एकमेकांच्या पाया पडले, एकमेकांना उराशी धरलं, आणि विणा या गळ्यातून त्या गळ्यात गेला.

"हवालदार, आण्णाला बेडी घालताव व्हय?" उत्तरेश्वर म्हणाला. "घाला, पर जरा ढिली. उद्या काल्याला टाळ वाजवायचंय त्यांला."

चुलीजवळच्या बाया हसल्या. आण्णांची बायको कस्तुराबाई तेवढी हसली नाही. पिठाचे हात तसेच घेऊन ती पुढं आली.

"कवा येतील हे?"

"दिवस मावळायच्या आत. वॉरंट रद्द करून घ्यायचं आन् माघारी यायचं, वहिनी."

"उद्या धाची पाळी हाय त्यांची. एक साल बी चुकली न्हाय."

"येतील की."

मोटारसायकल डांबरी रस्त्याला लागली. लोहाऱ्याकडं निघालेली जीप धूळ उडवत पुढं गेली. मागं बसलेल्या आण्णांनी धोतराचा सोगा तोंडाला लावला.

"मला एक कळंना झालंय," ते म्हणाले. "भांडण तर कवाच मिटलंय. समद्या गावानं बघितलंय."

ते खरंच होतं. अकरा वर्षांपूर्वी बांधावरून आण्णांनी चुलतभावाच्या, रणधीरच्या, डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा घातला होता. केस झाली. दोन वर्षं बोलणं बंद. तिसऱ्या सप्त्यात रणधीर विण्यावर उभा होता आणि पुढची पाळी आण्णांची होती. नेमाप्रमाणं पाया पडणं आलं, गळाभेट आली. दोघं जे रडायला लागले ते विणा मधे धरूनच. विण्यासमोर मिटलं म्हणजे मिटलं; कोर्टालाही ते सांगावं लागतं, हे गावात कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"रणध्या असता तर चल म्हणलो असतो संगं," आण्णा म्हणाले. "गेल्या दिवाळीत झोपंतच गेला, बगा."

हवालदारानं गिअर बदलला. चार वर्षांपूर्वी पहिलं समन्स घेऊन तो या गावात आला होता. तेव्हा रणधीर जिता होता. दोघं एका दिवशी जाऊन जज्जासमोर उभे राहिले असते, तर त्याच दिवशी केस संपली असती. पण आण्णांच्या गळ्यात विणा होता. अशा माणसापुढं सहीला कागद धरवला नाही. हवालदार कीर्तनाला बसला, पोटभर रडला, पंगतीत जेवला आणि जाऊन त्यानं लिहिलं: मिळून आला नाही. पुढं वॉरंट निघालं, तेव्हा लिहिलं: ऊसतोडीला कर्नाटकात गेला आहे. त्याच्या पुढच्या वॉरंटला: ठावठिकाणा लागत नाही. देवाच्या दारातला माणूस कोर्टकचेरीपासून राखणं ही आपली सेवाच आहे, असं त्याला तेव्हा मनापासून वाटायचं. आता साहेब नवे आले होते आणि जुनी वॉरंटं निकाली काढा म्हणून मागं लागले होते.

"तुमचं किती राहिलं नोकरीचं?" आण्णांनी विचारलं.

"आठ महिने."

"मग निवांत. या की विण्यावर उभं ऱ्हायला. दोन तासाची पाळी देऊ तुमाला."

कोर्टाच्या व्हरांड्यात आण्णांच्या वकील वृषालीताई फाईल चाळत उभ्या होत्या. वयानं लहान, पण बोलणं नेमकं.

"काका, रणधीर गेले, त्यामुळं तडजोड आता सरळ होणार नाही. मूळ केस चालेल. पण वॉरंट आज रद्द होईल, घरी जाल तुम्ही. फक्त खरं तेच सांगायचं. चार वर्षं गावातच होतो, समन्स कधी मिळालंच नाही. होता ना गावात?"

"आणि कुठं जाणार? म्या उमरग्याच्या पल्याड पाय टाकला न्हाय."

"मग हे कर्नाटकात ऊसतोडीला गेल्याचं कुणी लिहिलं?" त्यांनी कागद उलटा करून सही बघितली आणि नजर वर केली. "ते ज्यांनी लिहिलंय, त्यांना कोर्ट विचारेल."

हवालदार टोपीच्या आतली पट्टी अंगठ्यानं घासत राहिला. आण्णांनी कागद हातात घेतला. त्यांना वाचायला वेळ लागायचा. सहीवर बोट ठेवून एकेक अक्षर त्यांनी लावलं.

"बरं," ते म्हणाले आणि कागद परत दिला.

पुकारा झाला. न्यायाधीश मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"चार वर्षं कुठं होतात? पोलिसांचा अहवाल आहे की तुम्ही गावात राहत नव्हता."

वृषालीताई उठून सांगू लागल्या. मॅडमनी हात केला. "त्यांना सांगू द्या."

आण्णांनी मागं वळून पाहिलं. भिंतीशी हवालदार उभा होता. त्यानं टोपी छातीशी धरली आणि नजर फरशीकडं वळवली.

"न्हवतो मॅडम गावात," आण्णा म्हणाले. "ऊसतोडीला गेलतो. कर्नाटकात."

"वॉरंट निघालंय, हे माहीत होतं?"

"व्हय."

वृषालीताईंच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. मॅडमनी खाली मान घालून बराच वेळ लिहिलं. वॉरंट रद्द करण्याचा अर्ज नामंजूर. पुढची तारीख दोन आठवड्यांनी. तोवर धाराशिवच्या जेलमध्ये.

गाडी येईपर्यंत दोघं लिंबाखाली उभे होते. आण्णांनी गळ्यातली तुळशीची माळ सदऱ्याच्या आत घेतली.

"ऱ्हाऊ देतील का ही?"

"सांगतो मी त्यांना," हवालदार म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "आण्णा..."

"उद्या धाची पाळी रिकामी पडंल," आण्णा म्हणाले. "उत्तरेश्वरला एकट्याला चार तास झेपायचं न्हाय. तुमी उभं ऱ्हावा."

दिवस मावळताना हवालदार गावात गेला. "मॅडम कडक निघाल्या, वहिनी. ऐकलंच न्हाय," असं त्यानं कस्तुराबाईला सांगितलं. तिनं त्याला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी तो पांढरा सदरा घालून आला. दहाला उत्तरेश्वरनं त्याला उराशी धरलं आणि विणा त्याच्या गळ्यात घातला. वाटला होता त्याहून तो जड होता. काल्याचं कीर्तन रंगात आलं, दहीहंडीची दोरी वर चढली आणि माणसं ओळीनं येऊन त्याच्या पाया पडू लागली. म्हातारे, पोरंठोरं, पाटील, सरपंच. दर वेळी त्याची मान आणखी खाली जात होती.

बायांच्या ओळीत सर्वांत शेवटी कस्तुराबाई होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"तुमी संगं हुता, म्हणून मला घोर न्हाय, दादा," ती म्हणाली आणि वाकली.

त्यानं पाय मागं घेतले. टाचा खांबाला लागल्या. तिला थोपवायला हात मोकळे नव्हते, आणि विणा खाली ठेवता येत नव्हता.