कपाटातला सिगार

कुरुंदवाडच्या वखारीत आकारामनं चिमूट तोंडात टाकून नाक मुरडलं, की त्या तंबाखूकडे गिऱ्हाईक फिरकत नसे. तोंडदेखलं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. आज मात्र तेवढं जमवायचंच, असं ठरवून तो कोल्हापुरात व्याह्यांकडे आला होता. लेकीचं, शेवंताचं, लग्न तोंडावर आलं होतं.

व्याही वसंतराव कचेरीत हेडक्लार्क. घर आरशासारखं लख्ख. फुलाफुलांच्या कपबशा काचेच्या कपाटात आणि मागल्या खेपेला पाव्हण्यांना चहा तडा गेलेल्या कपातून. शेवंता हसली की पलीकडच्या मळ्यात ऐकू जायचं. हिला ही माणसं कुठल्या खणात ठेवणार, या काळजीनं आकारामला झोप नव्हती.

वसंतरावांनी त्याच कपाटाच्या खालच्या खणातून एक सिगार काढला. परदेशी, हातानं वळलेला, बोटीवरच्या पुतण्यानं आणलेला. मुलाच्या लग्नाच्या दिवशी ओढायचा म्हणून दोन वर्षं जपलेला. तुम्ही यातले दर्दी, कसा आहे सांगा, म्हणून त्यांनी तो आकारामच्या हाती दिला आणि चहाचं सांगायला आत गेले.

आकारामनं वखारीत बघतात तसाच तो बघितला. वसंतराव परतले तेव्हा सिगार उलगडून वर्तमानपत्रावर पसरला होता आणि त्यातली एक चिमूट चुना लावून, मळून पाव्हण्यांच्या गालात बसली होती.

वसंतराव मटकन खाली बसले. आकारामला चूक उमगली, पण त्या लख्ख घरात थुंकायचं कुठं?

"आता निदान कसा होता, ते तरी सांगा," वसंतराव म्हणाले.

गोड बोलायचं ठरलं होतं, पण जीभ कुठली ऐकते! "पान लाखात एक हाय. पर डांबराच्या गोळ्यांचा वास मारतोय. जपून जपून वाया घालवलासा."

दारात विहीणबाई, विमलाबाई, पदर तोंडाला लावून हसू लागल्या. सिगार शालूच्या खणात ठेवू नका, म्हणून त्यांनी नवऱ्याला कितीदा बजावलं होतं. वसंतरावांनी डोळे वटारले, पण त्यांनाही हसू आवरेना.

"आमच्या मुलालाही असंच पारखलंत की काय?"

"व्हय की. पोरगं बेस हाय." मग आकारामचा आवाज उतरला. "माझ्या पोरीला मातुर कपाटात ठिवू नगासा."

विमलाबाई पुढे झाल्या, त्यांनी काचेचं दार उघडलं आणि फुलाफुलांच्या कपबशा चहासाठी खाली काढल्या.

आकाराम चूळ भरायला परसात पळाला. डोळ्यांतलं पाणी त्यानं डांबराच्या गोळ्यांच्या नावावर खपवलं.