पितरांच्या वाटचं लोणी

मी एक जुना, बर्चच्या लाकडाचा लोण्याचा डबा आहे, मित्रांनो. फिनलंडच्या पूर्वेला, करेलियातल्या एका खेड्यात मिहकाली नावाच्या लाकूडतोड्यानं मला कोरलं. माझ्यात एकही खिळा नाही, हे तो पाहुण्यांना न विचारता सांगायचा.

त्या घरात माझा तळ सहसा कुणाला दिसत नसे. राय नावाच्या धान्याच्या काळ्या भाकरीवर लोण्याचा असा थर चढे, की चावल्यावर त्यात दातांचे ठसे राहत. मिहकाली सुरी वापरत नसे. अंगठ्यानंच लोणी काढायचा. त्याची दोन्ही मुलंही तशीच.

मग एके दिवशी मिहकाली जंगलात करवत हातात धरूनच खाली बसला, तो उठलाच नाही. काही वर्षांनी थोरला पेत्री सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, गेला आणि त्याला उचलूनच बाहेर आणावं लागलं. तेव्हा करेलियात घरोघरी असंच चाललं होतं. पुरुष केस पिकायची वाट पाहत नसत. दोघांच्याही दुखवट्याच्या जेवणात मी मधोमध होतो, काठोकाठ भरलेला. लोकांनी लोण्याची फार तारीफ केली.

पुढे गावात एक नर्स आली. तिनं सगळ्यांचे दंड आवळून रक्तदाब मोजला. सिगारेट सोडा, मीठ कमी करा, लोण्याऐवजी तेल वापरा, म्हणाली. धाकट्या सेवेरीनं सिगारेट सोडली, पण लोण्यापाशी तो अडला.

"तेल मशीनला घालतात, सान्त्रा. माणसाला नाही," तो बायकोला म्हणाला.

"तुझ्या बाबांना अख्खं गाव मशीनच म्हणायचं," सान्त्रा म्हणाली. "पडली ना बंद?"

मी फळीवर गेलो.

पण या लोकांत एक रीत आहे. पितरांच्या दिवशी शिदोरी घेऊन कबरीवर जायचं, तिथंच बसून मेलेल्यांसोबत चार घास खायचे आणि त्यांचा वाटा ठेवून यायचं. सासऱ्यांना तेल लावलेली भाकरी न्यायची सान्त्राला लाज वाटली. "त्यांना आता काय होणार आहे!" असं म्हणत तिनं मला पुन्हा भरलं आणि टेकडीवरच्या कबरीपाशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी रिकामा होतो. तळाशी अंगठ्याची खूण होती. सान्त्राला ती ओळखीची वाटली. "सासरे अजून भुकेलेच आहेत हो," ती शेजारणीला हळूच म्हणाली. तेव्हापासून दर रविवारी ती मला भरून तिकडे ठेवू लागली, दर वेळी थोडं जास्त.

खरी गोष्ट मला ठाऊक होती, पण डब्याला कोण विचारतो? एरवी चर्चच्या वाटेलाही न जाणारा सेवेरी आता नेमानं बापाच्या भेटीला टेकडी चढायचा. आधी तो न थांबता यायचा. नंतर वाटेतल्या दगडावर टेकू लागला. त्याचा अंगठा माझ्यात शिरला, की मला मिहकालीचाच वाटायचा. थंडीतही त्याला घाम असायचा.

एका रविवारी सान्त्रा दुपारीच पुन्हा वर आली. सेवेरी कबरीला टेकून बसला होता. मी त्याच्या मांडीवर होतो.

"सासऱ्यांचा वाटा खातोस?"

"बाबाच म्हणाले, खा."

"अस्सं! अजून काय म्हणाले?"

सेवेरी हसायला गेला, पण त्याला धाप लागली. त्यानं छातीवर हात दाबला.

"म्हणाले... पेत्रीच्या पलीकडे अजून जागा आहे."

सान्त्रा ओरडली नाही. तिनं मला त्याच्या हातातून घेतलं आणि दुसरा हात त्याच्या काखेत घालून त्याला उठवलं. "ती जागा माझी आहे," ती म्हणाली. "माझ्याआधी तिथं झोपलास तर बघ." दोघं पावलापावलाला थांबत नर्सच्या दारापर्यंत गेले. सेवेरी वाचला.

त्याला आता खूप वर्षं झाली. विद्वान अजून भांडताहेत. कुणी म्हणतं लोणीच गुन्हेगार, कुणी म्हणतं साखर, कुणी म्हणतं आपण लोण्यावर उगाच आळ घेतला. मी फळीवरून सगळं ऐकतो. मिहकाली आणि पेत्री माझ्यामुळे गेले का, हे अजून कुणी मला नीट सांगितलेलं नाही. रात्री लाकूड आकसतं, तेव्हा आतून कुणी अंगठा फिरवल्यासारखं वाटतं.

मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगतो. विद्वानांचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर घरातलं माणूस चढावर मध्येच थांबू लागलं, तर त्याच्याबरोबर थांबा. आणि "काही नाही, सहज बसलो," असं ते म्हणालं, तर विश्वास ठेवू नका.