आरोग्याचं अर्धं क्रेडिट

आमच्याकडे हायस्कूलमधून बाहेर पडायला बावीस क्रेडिटं लागतात. अक्कल किती लागते, ते कुठे लिहिलेलं नाही. वर्षभराच्या विषयाला एक, सहामाहीच्या विषयाला अर्धं. इंग्रजी चार, गणित चार, शास्त्र तीन, असं करत यादी खाली खाली येते आणि अगदी तळाला, कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी, आरोग्य असतं. अर्धं. दात कसे घासावेत आणि दारू पिऊन गाडी का चालवू नये, एवढंच त्यात शिकवतात. पण ते नसेल तर वरची सगळी यादी पाण्यात.

मी त्या यादीची राखणदार. इर्मा ट्रास्क, रेकॉर्ड ऑफिस, सतरा वर्षं. ओहायोतल्या आमच्या गावात मला ट्रास्कबाई म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि ते फारसं चुकीचं नाही. दुपारी तीननंतर कम्प्युटर लॅबवर लक्ष ठेवायचं कामही माझ्याच गळ्यात होतं. नापास झालेली मुलं तिथे बसून बुडालेलं क्रेडिट कम्प्युटरवर भरून काढतात. साठ धडे, साठ छोट्या परीक्षा, की मिळालं क्रेडिट.

कोरीन मॅडॉक्स आमच्याकडे दहावीत आली, केंटकीहून. आई, आईचा मित्र रस्टी आणि नदीकाठच्या वस्तीतलं चाकांवरचं घर, एवढा तिचा संसार. तिकडच्या शाळेत आरोग्य हा विषय व्यायामाच्या तासातच उरकतात, त्यामुळे तिच्या कागदावर तो वेगळा लिहिलेला नव्हता. मुलांचे विषय लावून देणारे आमचे काउन्सेलर लेव्हिट यांनी तो कागद पाहिला आणि म्हणाले, "बघू आपण नंतर." लेव्हिटसाहेबांकडे चारशे मुलं आहेत. त्यांचं 'नंतर' मी सतरा वर्षं बघते आहे, अजून उगवलेलं नाही.

शेवटच्या वर्षाच्या, म्हणजे बारावीच्या, सप्टेंबरात आम्ही एक सोहळा करतो. सगळ्या मोठ्या मुलांना जेवणाच्या हॉलमध्ये बोलावतो, फुकट पिझ्झा देतो आणि प्रत्येकाच्या हातात त्याच्या क्रेडिटांचा कागद ठेवतो. वाचा, तपासा, खाली सही करा. वाचत कुणीच नाही. एका हातात पिझ्झा, दुसऱ्या हातात पेन, आणि चाळीस मिनिटांत दोनशे सह्या. कोरीनच्या कागदावर आरोग्यापुढची जागा कोरी होती. तिला वाटलं, कोरी म्हणजे काही बाकी नाही. सही केली. पिझ्झा आम्ही देतो तो एवढ्यासाठीच, की पुढे कुणी 'मला सांगितलं नाही' म्हणालं तर सही दाखवता यावी.

आता डॉल्टन रीस. बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, डावखुरा. कॉलेजवाले त्याला न्यायला टपलेले होते आणि त्याचं अडलं होतं त्याच अर्ध्या क्रेडिटावर. आरोग्यात हा पठ्ठ्या दोनदा नापास झाला होता. फेब्रुवारीत प्रिन्सिपल ऑग्डन माझ्या टेबलाशी आले.

"इर्मा, डॉल्टनचं नाव लॅबमध्ये घालतोय. तुम्ही फक्त हजेरीचं बघा."

"बाकीचं कोण बघणार?"

"बाकीचं बघायला लागू नये, म्हणून तर तुम्हाला सांगतोय."

माझं कंत्राट दर जूनला नवं होतं. माझा नवरा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो आणि त्याचा विमा माझ्या नोकरीवर आहे. हे मी सबब म्हणून सांगत नाही. सबब म्हणून मी ते तेव्हा स्वतःला पुष्कळ सांगितलं.

पहिल्या दिवशी डॉल्टन कोरीनला घेऊन आला. स्वतःच्या नावानं कम्प्युटर उघडला, तिला खुर्चीवर बसवलं आणि खांद्यावरून वाकून म्हणाला, "बस हं राणी, मी जरा हात मोकळे करून येतो." तो गेला तो गेलाच. मैदानावर. ती मात्र रोज सव्वातीनला यायची आणि पाचपर्यंत त्याचे धडे करायची. शाळेच्या वसंतातल्या नाचाला तो तिला नेणार होता. तिला एवढं पुरेसं होतं. अठराव्या वर्षी कुणालाही पुरलं असतं.

एकदा तिनं सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं, तोंडच उतरलं होतं. मी माझ्या डब्यातली अर्धी सँडविच तिच्यापुढे ठेवली. अंडं आणि मोहरी.

"तुझं स्वतःचं आरोग्य झालंय ना गं?" मी विचारलं.

"केव्हाच. नववीत, केंटकीला." ती हसली. "म्हणून तर मला सगळं येतं बाई. डॉल्टनला अजून जीवनसत्त्वं आणि औषधाच्या गोळ्या एकच वाटतात."

तेव्हा उठून तिचा कागद काढून बघितला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. फेब्रुवारीत तिला वेळही पुरला असता. पण कपाट दुसऱ्या खोलीत होतं आणि माझे गुडघे दुखत होते. माणसाचं वाटोळं करायला फार मोठं कारण लागत नाही.

त्याच दिवशी तिनं मला हॉस्पिटलचं सांगितलं. शेजारच्या शहरातल्या हॉस्पिटलात नर्सिंगच्या शिकाऊ मुली घेतात, बारा जणी. जूनच्या पहिल्या सोमवारी सुरुवात, हायस्कूलचा डिप्लोमा हातात असेल तर. आणि राहायला खोली.

"खोलीला आतून कुलूप आहे. मी फोन करून विचारून घेतलं," ती म्हणाली.

"घरी नाही का?"

"कडी होती. रस्टीनं काढून टाकली. दोनदा." तिनं पुढचा धडा उघडला. "आई म्हणते, घर त्याचं आहे."

मी माझ्या वाटची सँडविच संपवली.

एप्रिलच्या शेवटी डॉल्टनला त्याचं अर्धं क्रेडिट मिळालं. शंभरपैकी शहाण्णव. नाच झाला, आणि त्यानंतर आठवड्याभरात त्याला कोरीनशी बोलायला सवड मिळेना. गरज सरो, वैद्य मरो. ही म्हण आरोग्याच्या पुस्तकात घालायला हरकत नाही.

मे महिन्यात मी शेवटची तपासणी करते. कोरीनची एकूण क्रेडिटं भरली तेवीस. हवीत बावीस. एक जास्त, आणि तरी नापास, कारण आरोग्य नाही. सोमवारी मी तिला बोलावलं. पदवीदान रविवारी होतं. तिनं समारंभाचा गाऊन आधीच नेला होता, निळा.

"काहीतरी चुकलंय बाई. मी केलंय आरोग्य."

"तिकडे केलंस. इथे नोंद नाही."

"मग परीक्षा घ्या. आत्ता. काहीही विचारा."

"साठ धडे करावे लागतात. दिवसाला तीनच उघडतात. रविवारपर्यंत होत नाही."

"उन्हाळ्यात करते. हॉस्पिटलला पत्र देता?"

मी तिच्यासमोर फोन लावला. पलीकडची बाई गोड होती. डिप्लोमा नसेल तर यादीतली पुढची मुलगी, ती म्हणाली, आणि पुढच्या यादीत नाव घालायचं असेल तर वर्षभरानं फोन करा. मी फोन ठेवला. कोरीननं माझ्या टेबलाची कड धरली.

"साठ धडे मी केलेत," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला माहितीय."

मी लेव्हिटसाहेबांनी आणून दिलेला सप्टेंबरचा कागद पुढे सरकवला. "ही सही तुझीच ना?"

ती तिथून निघाली ती थेट ऑग्डनसाहेबांकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. खरं बोलल्यावर मोठी माणसं काहीतरी करतात, असं तिला वाटलं. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. आम्हीही नाही.

गुरुवारी साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. ते, डॉल्टन, कोरीन आणि मी. तिची आई आली नाही. डॉल्टननं कॉलेजची टोपी घातली होती, त्यांनी पाठवलेली.

"डॉल्टन, धडे कुणी केले?" साहेबांनी विचारलं.

"मीच, सर." त्यानं कोरीनकडे पाहिलंही नाही. "ती रागावलीय माझ्यावर. आमचं मोडलं ना."

"अकरा एप्रिलला चार वाजता परीक्षा दिल्याची नोंद आहे," कोरीन म्हणाली. "त्या दिवशी हा बाहेरगावी मॅच खेळत होता. अख्ख्या गावानं बघितलंय. तुम्हीही गेला होतात, सर."

मॅचच्या वह्या साहेबांच्या पाठीमागच्या फळीवरच होत्या. हात लांब केला असता तर सापडल्या असत्या. साहेब म्हणाले, "फोनवरही करता येतं हल्ली. बसमध्ये, मधल्या वेळात."

"पिचिंग करता करता?"

डॉल्टन हसला. साहेबांनाही जरा हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. मग ते माझ्याकडे वळले.

"इर्मा, लॅबवर तुम्ही होता. काय पाहिलंत?"

खोलीत तिघं माझ्याकडे बघत होते. त्यातल्या दोघांना माझं उत्तर आधीच माहीत होतं.

"हजेरी बघत होते मी," मी म्हटलं. "रोज डॉल्टनचं नाव लागलेलं असायचं."

"आणि कोरीन?"

"मुलं येतात-जातात. लक्षात नाही."

"बाई, तुम्ही मला सँडविच दिली होती," कोरीन म्हणाली. "अंड्याची. त्याच्या खुर्चीवर बसले होते मी."

"मी पुष्कळ मुलांना देते," मी म्हटलं. हे साफ खोटं होतं. सतरा वर्षांत मी कुणालाच काही दिलेलं नाही.

साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. एवढ्या वेळात त्यांनी उघडलेलं ते पहिलंच पुस्तक. दुसऱ्याच्या नावानं परीक्षा दिल्याचं जो विद्यार्थी कबूल करेल, त्याची त्या सहामाहीतली सगळी क्रेडिटं रद्द. त्यांनी ते सावकाश, दोनदा वाचून दाखवलं.

"तू आत्ता कबूल केलंस, कोरीन. तीन माणसांसमोर."

तिनं डॉल्टनकडे बोट दाखवलं. "मग त्याचंही रद्द होणार ना?"

"त्याच्याविरुद्ध पुरावा कुठे आहे? डॉल्टन तर म्हणतो, त्यानंच केलं."

"त्यानं केलं असेल, तर मी कशाला शिक्षा भोगायची? मी काहीच केलं नाही मग."

अडचणीत आले की साहेब घड्याळ बघतात, तसं त्यांनी बघितलं. तिचं बोलणं तिच्यापुरतं खरं धरलं आणि त्याच्यापुरतं खोटं. साडेतीन क्रेडिटं गेली. शेवटच्या सहामाहीचं इंग्रजी गेलं, गणित गेलं, सगळं गेलं. उरली साडेएकोणीस. म्हणजे उन्हाळ्यातही भागणार नव्हतं, पुन्हा एक वर्ष काढायचं, त्याच घरात राहून. डॉल्टननं उठताना टोपी सारखी केली आणि साहेबांशी हात मिळवला.

हिशेब कम्प्युटरमध्ये मीच घातला. नवा कागद छापला, शिक्का मारला. शिक्का मी नीट, सरळ मारला, याची मला नंतर आठवून लाज वाटली. तेव्हा वाटली नाही.

शुक्रवारी, सगळी मुलं मैदानावर रांगेत चालायची तालीम करत असताना, कोरीन ऑफिसात आली. गाऊन परत करायला. तिनं तो घडी घालून आणला होता. बाहेरून बँडचा आवाज येत होता, तोच तोच तुकडा पुन्हा पुन्हा. लेव्हिटसाहेब मैदानावर, ऑग्डनसाहेब मैदानावर. ऑफिसात आम्ही दोघीच.

"बाई," ती म्हणाली, "आता काही बदलणार नाही, मला कळतंय. मी कुणाला सांगायला जाणार नाही."

"बरं."

"आई म्हणते, मी बनवून सांगतेय. रस्टी तर सगळ्यांना मी खोटारडी म्हणून सांगत सुटलाय. काल रात्री मलाच वाटायला लागलं, की मी खरंच तिथे बसले होते का." ती रडत नव्हती. रडली असती तर मी बहुतेक रागावले असते आणि सोपं गेलं असतं. "मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुम्ही मला बघितलं होतं ना?"

मी गाऊनची घडी उलगडून डाग आहेत का ते पाहिलं. नव्हते.

"नाही," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. थोडं थांबली, आणखी काही येतंय का म्हणून. मग दार हळू लोटून घेऊन गेली.

दाराबाहेर कुणी नव्हतं. कुणी विचारणार नव्हतं, कुणी लिहून घेणार नव्हतं. कंत्राटावर साहेबांनी सकाळीच सही केली होती. हो म्हटलं असतं, तर माझं काहीच गेलं नसतं.