पोटातून काढलेली गाठ

तंबूत मुंगी शिरायला जागा नव्हती. गिअरच्या कारखान्यातली सकाळची पाळी सुटली ती थेट इथेच आली होती. माणसांच्या अंगाला अजून यंत्रावरच्या तेलाचा वास येत होता. व्यासपीठावर हात फिरवून रोग बरे करणारा ब्रदर टिब्ज त्याच कारखान्यातल्या लॉनी डुडेकच्या उघड्या पोटात बोटं खुपसत होता. रक्ताचा ओघळ कमरेपर्यंत आला आणि टिब्जने एक लालभडक गाठ वर धरली. बायका रडू लागल्या. दणकट पुरुष गुडघ्यांवर आले.

"तेलाने नाही, धुळीने नाही," टिब्ज गोड आवाजात म्हणाला, "पापाने सडवलं होतं याला. मालकाला शिव्या देणारी जीभ आधी पोट कुजवते, लेकरांनो."

मागे उभी असलेली व्हर्ना दात आवळून ऐकत होती. ती लॉनीची थोरली बहीण, गावच्या दवाखान्यात नर्स. भावाला वर्षभर शौचावाटे रक्त जात होतं. तपासणीत गुदाशयाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया ठरली होती, ती लॉनी पठ्ठ्याने टिब्जच्या भरवशावर आदल्या दिवशी रद्द केली. रोग गुदाशयात आणि हा टिब्ज गाठ काढतोय बेंबीशेजारून! तिला राहवेना.

व्यासपीठावर चढून तिने टिब्जचं मनगट पकडलं. "मूठ उघड."

टिब्जच्या माणसांनी तिला केसांनी ओढून खाली आपटलं. एक बूट बरगडीवर बसला, आत काहीतरी कडकन मोडलं. खुद्द लॉनी उठून तिच्या तोंडावर ठोसा मारत ओरडला, "मी जगतोय ते बघवत नाही का तुला?"

तोंडात रक्त साचलं, तरी तिने टिब्जचा हात सोडला नाही. ती मनगटाला कडकडून चावली. मूठ सुटली. फाटलेली रबरी पिशवी आणि कोंबडीचं काळीज फळीवर पडलं. बाहीतून दुसरी पिशवीही घरंगळली, भरलेली, पुढच्या रोग्यासाठी. व्हर्नाने तिच्यावर टाच दिली, तशी लाल चिळकांडी उडाली. मग तिने आपल्या रुमालाने भावाचं पोट पुसलं. कातडीवर ओरखडासुद्धा नव्हता.

पुढच्याच क्षणी कुणीतरी लोखंडी खुर्ची घातली ती टिब्जच्या जबड्यावर. दात उडाले. माणसं त्याला तुडवू लागली. व्हर्ना बरगडी धरून मध्ये घुसली.

"त्याला पोलिसांकडे द्या," ती म्हणाली. "याला मारून कारखान्यातली हवा साफ होणार आहे का? त्या तेलाच्या वाफाऱ्यात वर्षानुवर्षं राबणाऱ्यांना हा रोग होण्याचा धोका जास्त असतो. सगळ्यांना होतो असं नाही. पण शौचात रक्त दिसलं तर डॉक्टरकडे जा. आणि यंत्रांवर वाफ ओढणारे पंखे मागा. ते मागणं पाप नाही."

लॉनी तिच्या सुजलेल्या तोंडाकडे पाहत खाली बसला. त्याच आठवड्यात त्याची शस्त्रक्रिया झाली. तो वाचला, शौच गोळा करणारी पिशवी मात्र जन्मभरासाठी पोटावर आली. वर्षभर आधी दाखवलं असतं तर कदाचित तीही टळली असती, असं डॉक्टरांनी सांगितलं.

वसंतात कामगारांनी यंत्रं बंद ठेवली. मालकाचे गुंड लाठ्या घेऊन आले, तीन डोकी फुटली, तरी फाटकावरून कुणी हललं नाही. अखेर पंखे बसले. लॉनी आता नव्या माणसांना शर्ट वर करून पोटावरची पिशवी दाखवतो. म्हणतो, "लाज सोडा आणि तपासून घ्या. रोग हात फिरवून जात नाही."