थांबलेली अकरा मिनिटं

शिवांगीचं डोकं फिरलं ते स्क्रीनवरच्या एका ओळीने. ‘विद्यार्थी एक. अकरा मिनिटं गैरहजर. धडा अपूर्ण.’

तो विद्यार्थी म्हणजे तिची आई, गोदूबाई. आणि गैरहजर? त्या अकरा मिनिटांत गोदूबाईचा आवाज अर्ध्या कोळीवाड्यात ऐकू जात होता!

शिवांगी पूनम सागर वसाहतीजवळच्या एका ऑफिसात शिकायची अ‍ॅप्स बनवायची. तेवीस कंपन्या मिळून देशभरासाठी एक नवं मानक ठरवत होत्या. मोबाइलवर कोण किती शिकलं, याची नोंद सगळ्या अ‍ॅप्सनी एकाच पद्धतीने कशी ठेवायची, ते त्यात लिहायचं होतं. चाचणी म्हणून तिने मासळी टिकवायचा धडा आईच्या फोनवर टाकला. गोदूबाईने शेजारच्या आशा आणि उर्मिलाला हाक मारली, तिघी एका फोनला डोकी लावून बसल्या आणि मधेच धडा थांबवून भांडल्या. मानकाने मोजलं स्क्रीनवरचं एक बोट. बाकी दोघी जन्मालाच आल्या नव्हत्या.

हा नियम लिहिणाऱ्यांच्या घरात माणशी दोन फोन. तीन बायकांत एक फोन असतो, हे त्यांना कोण सांगणार? शिवांगीने सांगायचं ठरवलं. तिने नवं कलम लिहून पाठवलं: एका फोनवर जितकी माणसं तितकी नावं, आणि धडा थांबवून चर्चा केली तर तो वेळही शिकण्यात धरायचा.

शुक्रवारी दुपारी शेवटचं मतदान होतं. संध्याकाळी मसुदा बंद, मग पाच वर्षं कुणी हात लावायचा नाही. शिवांगी ऑफिसला गेलीच नाही. भाईंदरला घरच्या ओट्यावर लॅपटॉप मांडला आणि तिथूनच मीटिंगला बसली. मागे त्याच तिघीजणी कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत होत्या.

“पाच मिनिटं स्क्रीन हलली नाही, म्हणजे माणूस उठून गेला,” समितीचे अध्यक्ष जितेंद्र सर म्हणाले. “डेटा खोटं बोलत नाही.”

“डेटाला कान नाहीत, सर. बायका भांडत होत्या.”

कुणीतरी हसलं. तिचा साहेब अभिनव याचा मेसेज आला: ‘बस कर. क्लायंट ऐकतायत.’ तिने तो न वाचल्यासारखा सरकवला.

“शिकल्या याला पुरावा काय?” सरांनी विचारलं.

“विचारा ना. कुणालाही विचारा.” तिने लॅपटॉप सरळ मागे वळवला.

सरांनी घसा साफ केला. “त्या हिरव्या साडीतल्या ताई. बर्फ किती घालायचा?”

“जेवडा मासा तेवडा बर्फ,” उर्मिला मान वर न करता म्हणाली. “ह्ये काय इचारायचं हाय?”

“बरं. आणि तुम्ही ताई, ताजा मासा कसा ओळखायचा?”

आशा ओशाळली. “मी आदी म्हनत व्हते, कल्ले लाल दिसले का ताजा. तुमचा धडा पन त्येच सांगतो. पन ही गोदू म्हनली, कल्ल्यांना रंग फासतात मेले. मंग तिनं घरातनं दोन बांगडे आनले, एक ताजा, एक कालचा. बोटानं दाबायचं. खड्डा भरून आला तर ताजा, ऱ्हायला तर शिळा. माज्याच बोटानं दाबून घेतलान.”

“हे धड्यात कुठे आहे?”

“धड्यात न्हाय. धडा थांबवला व्हता ना तवा.”

ज्या अकरा मिनिटांना मानक गैरहजेरी म्हणत होतं, त्याच अकरा मिनिटांत आशा धड्यापेक्षा जास्त शिकली होती, आणि तेवीस कंपन्यांसमोर ते तिने आपल्या शब्दांत दाखवून दिलं होतं.

मतदान झालं. तेरा विरुद्ध दहा. अभिनवचा हात उशिराने वर गेला, पण गेला. कलम मंजूर. शिवांगीने ओट्यावर जोरात थाप मारली. दहावीनंतर रात्रशाळेत जाऊन आणि फुकटचे व्हिडिओ बघून कोडिंग शिकलेली पोर, आणि देशाच्या मानकात तिने लिहिलेलं कलम!

“एक अडचण आहे,” जितेंद्र सर म्हणाले. त्यांचा आवाज आता वेगळा होता. “गोदूबाईंना कुठल्या रकान्यात टाकायचं? शिकणारी, की शिकवणारी? शिकवणाऱ्याचा रकानाच नाही आपल्याकडे.”

“मग आत्ता करा, सर, मसुदा बंद व्हायच्या आत. दोन्हीत नाव लागेल.”

सरांनी सगळ्यांसमोर मसुदा उघडला, रकाना वाढवला आणि विचारलं, “नमुन्याची पहिली नोंद काय करू? गोदूबाई, एवढंच?”

गोदूबाईने कोलीम लागलेले हात लुगड्याला पुसले आणि लॅपटॉपसमोर येऊन ताठ बसली.

“आडनावासकट लिवा,” ती म्हणाली. “भायंदरात गोदूबाया चिकार हायत.”